सेंटओएस ७ सोडायचं, पण डिस्कवरचा डेटा जागेवरच ठेवून

या अंकासाठी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एकच दुखणं वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडलेलं आहे. स्टोरेज क्लस्टर चालू आहे, डेटा शाबूत आहे, पण खालची सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आणि क्लस्टर उभारून देणारी साधनं आता तिला दारात उभं करत नाहीत. बहुतेक प्रश्न सेफचे आहेत, म्हणजे अनेक सर्व्हरमधल्या डिस्क जोडून एकच मोठा साठा तयार करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे. ते बसवण्यासाठी आधी सेफ-डिप्लॉय होतं, मग सेफ-अ‍ॅन्सिबल आलं आणि २०२० पासून सेफएडीएम आहे. एक पत्र ग्लस्टर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आहे.

प्रश्न (लातूर): रुग्णालयातल्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा आम्ही सेफवर ठेवतो. पाच सर्व्हर, सगळे सेंटओएस ७, सेफची आवृत्ती नॉटिलस १४.२.२२, सेफ-अ‍ॅन्सिबलनं बसवलेली, प्रत्येक डेटाच्या तीन प्रती. जागा कमी पडतेय म्हणून रॉकी ९ (सेंटओएसच्या जागी वापरली जाणारी लिनक्स) टाकून सहावा सर्व्हर आणला, तर प्लेबुक (अ‍ॅन्सिबलची कामांची यादी) पॅकेज मिळत नाही म्हणून थांबतं. जुन्या सर्व्हरवर पॅकेज आणणारं यमही चालत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: सहावा सर्व्हर तूर्त बाजूला ठेवा. नॉटिलसची पॅकेजेस ईएल ९ साठी (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि रॉकी, अल्मा ही तिची भावंडं) कधी बनलीच नाहीत, त्यामुळे प्लेबुकमध्ये कितीही खटपट केली तरी तो या क्लस्टरमध्ये येणार नाही. सेफच्या आवृत्त्यांचा क्रम नॉटिलस १४, ऑक्टोपस १५, पॅसिफिक १६, क्विन्सी १७, रीफ १८ असा आहे. उलट बाजूनं पाहिलं तर पॅसिफिक आणि त्यापुढच्या आवृत्त्यांची पॅकेजेस सेंटओएस ७ साठी नाहीत. दोन्हीकडे पाय ठेवता येईल अशी मधली पायरी म्हणजे ऑक्टोपस १५.२, कारण ती ईएल ७ आणि ईएल ८ दोन्हींसाठी बांधलेली आहे. तुमचा सगळा रस्ता या एका गोष्टीवरून ठरतो: आधी सेंटओएस ७ वरच ऑक्टोपस, मग एकेका सर्व्हरची सिस्टीम बदलून रॉकी ८ किंवा अल्मा ८, मग पॅसिफिक, सेफएडीएमकडे हस्तांतर, रीफ, आणि शेवटी रॉकी ९.

यमचं आधी मिटवू. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्यानंतर मिररलिस्टचा पत्ता बंद झाला. रेपो फायलींमधली मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएल व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्गवरच्या ७.९.२००९ या फोल्डरकडे वळवा. पत्ता एचटीटीपीएसचा न देता साधा एचटीटीपी द्या आणि सर्वात आधी सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज अद्ययावत करा. सेंटओएस ७ मधलं ओपनएसएसएल १.०.२ जुन्या प्रमाणपत्रसंचासोबत असेल, तर लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या साइटवर अडखळतं, कारण त्यांच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला मुदतबाह्य झालं. हे माहीत नसलं की माणूस उगाच फायरवॉल तपासत बसतो.

ऑक्टोपसवर जाण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. प्रत्येक ओएसडीचा (एक डिस्क सांभाळणारी सेफची सेवा) साठा ब्लूस्टोअर या नव्या पद्धतीचा आहे की फाइलस्टोअर या जुन्या, हे ओएसडीच्या मेटाडेटात दिसतं. रीफमध्ये फाइलस्टोअर चालत नाही, तेव्हा असे ओएसडी आत्ताच एकेक रिकामे करून ब्लूस्टोअरमध्ये नव्यानं बनवा. मॉनिटरच्या (क्लस्टरचा नकाशा राखणारी सेवा) फोल्डरमधल्या केव्ही-बॅकएंड फाइलमध्ये रॉक्सडीबी या डेटाबेसचं नाव हवं. लेव्हलडीबी असेल तर तो मॉनिटर काढून पुन्हा तयार करा, कारण क्विन्सीपासून लेव्हलडीबीचा आधार गेला. आणि डिस्क फार जुन्या, सेफ-डिस्कच्या काळातल्या असतील तर सेफ-व्हॉल्यूमच्या 'सिंपल स्कॅन'नं त्यांची नोंद करून घ्या आणि तयार झालेल्या जेसॉन फायली जपून ठेवा.

अपग्रेडचा क्रम नेहमीचाच: मॉनिटर, मॅनेजर, ओएसडी, मग एमडीएस (सेफएफएसची सेवा) आणि गेटवे. सेफएफएस, म्हणजे सेफवरची फाइल सिस्टीम, वापरत असाल तर त्याआधी मॅक्स-एमडीएस एकवर आणा. सेंटओएस ७ वरच्या ऑक्टोपसमध्ये डॅशबोर्ड, प्रोमीथियस आणि रेस्टफुल ही मॅनेजर मॉड्यूल चालत नाहीत, कारण त्यांना लागणारी पायथन ३ ची लायब्ररी तिथं उपलब्ध नाही. तुमचा अलार्म प्रोमीथियसवर असेल तर तेवढ्या काळासाठी सेफच्या हेल्थ आदेशावर चालणारी एखादी साधी स्क्रिप्ट लावा. रुग्णालयाच्या डेटावर डोळे झाकून काम करायचं नाही.

ओएसडी सुरू करण्याआधी 'ब्लूस्टोअर-एफएससीके-क्विक-फिक्स-ऑन-माउंट' ही सेटिंग बंद करा. ती चालू असली की नव्या आवृत्तीत पहिल्यांदा उठताना ओएसडी ओमॅपच्या (डेटासोबतच्या की-व्हॅल्यू) नोंदी नव्या पद्धतीत बदलत बसतो. फिरत्या डिस्कवर याला तासन् तास लागू शकतात आणि तेवढा वेळ ओएसडी बंद दिसतो. पॅसिफिकला जाताना तर हे जास्तच महत्त्वाचं आहे. १६.२.७ च्या आधीच्या पॅसिफिकमध्ये याच रूपांतरात डेटा बिघडवणारा दोष होता. म्हणून थेट १६.२.१५ घ्या.

आता खरं काम, सर्व्हरची सिस्टीम बदलणं. एका वेळी एकच सर्व्हर. क्लस्टर पूर्ण निरोगी असल्याची खात्री करून 'नोआउट' (बंद ओएसडीचा डेटा दुसरीकडे हलवू नये ही खूण) लावा, त्या सर्व्हरवरच्या सेवा थांबवा, ईटीसी-मधलं सेफ फोल्डर आणि बूटस्ट्रॅप-ओएसडीची की दुसरीकडे उतरवून घ्या. इन्स्टॉलर चालवण्याआधी डेटा डिस्कचे कॅडी (चौकटी) बोटभर बाहेर ओढून ठेवा. मागच्या वेळी एसडीए असलेली डिस्क नव्या कर्नलमध्ये एसडीसी होऊ शकते, आणि चुकीच्या डिस्कवर टिचकी मारली की तिच्यावरचा ओएसडी गेला. कॅडी निघत नसतील तर किकस्टार्टमध्ये (आपोआप इन्स्टॉल करणारी फाइल) इग्नोअरडिस्कच्या ओन्ली-यूज पर्यायाला फक्त सिस्टीम डिस्कचं बाय-आयडी नाव द्या.

होस्टनेम अगदी पूर्वीचंच ठेवा, लांब की आखूड हेसुद्धा. ओएसडी उठताना स्वतःला आपल्या होस्टच्या नावाखाली क्रश नकाशात (कोणता डेटा कुठे ठेवायचा हे ठरवणारा) बसवतो. पूर्वी 'स्टोर३' होतं आणि आता इन्स्टॉलरनं डोमेनसकट लांब नाव घेतलं, तर सेफच्या दृष्टीनं तो नवाच सर्व्हर ठरतो आणि टेराबाइटच्या टेराबाइट डेटा उगाच इकडून तिकडे हलू लागतो. रॉकी ८ मध्ये फायरवॉलडी मुळातच चालू असतो, म्हणून ३३००, ६७८९ आणि ६८०० ते ७३०० ही पोर्ट उघडा. मग ऑक्टोपसची बाकी सर्व्हरवर आहे तीच आवृत्ती बसवा, फोल्डर आणि की परत ठेवा, डिस्क आत ढकला आणि सेफ-व्हॉल्यूमला एलव्हीएममधले (लिनक्सची डिस्क-विभाग सांभाळणारी व्यवस्था) सगळे ओएसडी जागे करायला सांगा. ओएसडीची ओळख एलव्हीएमच्या टॅगमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे डिस्क कुठल्या खणात गेली यानं फरक पडत नाही. 'नोआउट' काढा, सगळे पीजी (डेटाचे गट) 'अ‍ॅक्टिव्ह प्लस क्लीन' होईपर्यंत थांबा. ते झाल्याशिवाय पुढच्या सर्व्हरला हात लावू नका: तीन प्रतींपैकी एक आधीच बाजूला असताना दुसराही सर्व्हर गेला, तर मिन-साइझ २ (किमान दोन प्रती हव्यात) असलेल्या साठ्यावरचं, म्हणजे पूलवरचं, लिहिणं-वाचणं तिथंच थांबतं.

पाचही सर्व्हर ईएल ८ वर आले की पॅसिफिक १६.२.१५. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी 'रिक्वायर-ओएसडी-रिलीज' त्या आवृत्तीवर नेणं विसरू नका. मग पॉडमन (कंटेनर चालवणारं साधन), क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा), एलव्हीएम२ आणि पायथन ३ आहेत ना ते बघून सेफएडीएमच्या 'अ‍ॅडॉप्ट' आदेशानं आधी मॉनिटर आणि मॅनेजर, नंतर ओएसडी ताब्यात द्या. एमडीएस आणि गेटवे मात्र नव्यानं तैनात करावे लागतात. सेफ एका वेळी जास्तीत जास्त एक आवृत्ती ओलांडू देतं, म्हणून पॅसिफिकवरून थेट रीफ १८.२ वर जाता येतं. इथून पुढे सेफ कंटेनरमध्ये राहतं, म्हणजे काही सर्व्हर रॉकी ८ आणि काही ९ असले तरी चालतं, आणि बाजूला ठेवलेला सहावा सर्व्हर आता जोडता येईल. जुने सर्व्हर रॉकी ९ वर नेताना एक अडचण हमखास येते: ईएल ९ मध्ये एलव्हीएम फक्त आपल्या डिव्हाइस यादीतल्या डिस्क पाहतं. ओएसडीच्या डिस्क दिसेनात तर त्या गेल्या असं समजू नका. 'व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस' सगळ्यांसाठी चालवा, त्या यादीत येतील.

प्रश्न (वाळूज, छत्रपती संभाजीनगर): कारखान्यात सेंटओएस ७ वरच सेफएडीएम बसवायचा प्रयत्न केला. पॉडमन जुना आहे असा संदेश येतो. डॉकर टाकलं तर कंटेनर लगेच मरतात. चाचणीसाठीच्या एका व्हर्च्युअल मशीनवर तर 'सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ ला आधार देत नाही' असं येतं. सिस्टीम न बदलता मार्ग आहे का?

उत्तर: तुमच्याकडे तीन वेगळे अडथळे एकावर एक आले आहेत. सेंटओएस ७ सोबत मिळणारा पॉडमन १.६.४ आहे आणि सेफएडीएमला किमान २.०.२ लागतो, तो रस्ता बंद. डॉकर चालतं, पण सेंटओएसच्या एक्स्ट्राज रेपोतलं १.१३.१ घेतलंत तर सेफच्या नव्या प्रतिमा त्यात उठत नाहीत. त्या प्रतिमा सेंटओएस स्ट्रीम ९ वर बांधलेल्या आहेत, त्यातलं जीलिबसी २.३४ (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) नवा थ्रेड काढताना 'क्लोन३' हा सिस्टीम कॉल वापरतं, आणि जुनं डॉकर अनोळखी कॉलला 'असा कॉल नाही' न म्हणता 'परवानगी नाही' असं उत्तर देतं. 'असा कॉल नाही' म्हटलं असतं तर जीलिबसी मुकाट्यानं जुन्या पद्धतीकडे वळलं असतं. डॉकर २०.१०.१० पासून हे सुधारलं आहे. तेव्हा डॉकरच्या स्वतःच्या रेपोतलं त्यानंतरचं डॉकर घ्या आणि यमनं पायथन ३.६ बसवा.

तिसरा अडथळा प्रोसेसरचा. स्ट्रीम ९ ला एसएसई ४.२, पॉपसीएनटी वगैरे सूचना असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये २००८ च्या नेहालेमपासून आणि एएमडीमध्ये २०११ च्या बुलडोझरपासून त्या आहेत. त्याआधीचे ऑप्टेरॉन बाद. तुमची अडचण व्हर्च्युअल मशीनवर आहे, म्हणजे खालचा प्रोसेसर बहुधा ठीक आहे आणि मशीनला 'केव्हीएम६४' किंवा 'क्यूईएमयू६४' हा प्रकार दिलेला आहे. तो 'होस्ट' करा आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून नुसतं रीबूट केल्यानं प्रकार बदलत नाही.

एवढं केलं की चालेल. पण ही तात्पुरती सोय म्हणूनच वापरा. ३.१० चं कर्नल आणि सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेली सिस्टीम यावर कारखान्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवणं आम्हाला मान्य नाही. डॉकरमध्ये क्लस्टर स्थिर झालं की एकेका सर्व्हरची सिस्टीम वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे बदला; सेवा कंटेनरमध्ये असल्यानं तुमचं काम लातूरच्या वाचकांपेक्षा हलकं आहे.

प्रश्न (परभणी): सर्व्हर नवीन करतो आहोत, पण साठा वापरणारी वीसेक मशीन सेंटओएस ७ वर आहेत आणि त्यांच्यावरची सॉफ्टवेअर हलवता येत नाहीत. आधी ती बदलावी लागतील का? आरबीडी (सेफवरची आभासी डिस्क) मॅप करताना 'फीचर सेट मिसमॅच' येतं.

उत्तर: नाही. आमचं मत स्पष्ट आहे: साठा देणारा सर्व्हर जुन्या सिस्टीमवर ठेवू नका, पण साठा वापरणारं मशीन जुनं असलं तर त्याची सोय करता येते.

डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) पाहा, 'अनसपोर्टेड फीचर्स ०एक्स३८' असं लिहिलेलं असेल. ०एक्स३८ म्हणजे ८, १६ आणि ३२ यांची बेरीज: ऑब्जेक्ट-मॅप, फास्ट-डिफ आणि डीप-फ्लॅटन. इमेजवर मुळात चालू असलेल्या फीचर्सपैकी ही तीन सेंटओएस ७ च्या कर्नलला जमत नाहीत. त्या इमेजवर आरबीडीच्या 'फीचर डिसेबल' आदेशात तिन्ही नावं एकत्र द्या. फास्ट-डिफ हे ऑब्जेक्ट-मॅपवर अवलंबून असल्यानं वेगवेगळी काढताना क्रम चुकतो. डीप-फ्लॅटन एकदा काढलं की त्याच इमेजवर परत लावता येत नाही, म्हणून हे फक्त जुन्या मशीनच्या इमेजवर करा. पुढच्या इमेज बनवताना लेयरिंग आणि एक्सक्लुझिव्ह-लॉक एवढीच फीचर्स मागा.

सर्व्हरच्या बाजूनं दोन पथ्यं. मेसेंजरची (सेफची आपसात बोलण्याची पद्धत) दुसरी आवृत्ती ३३०० पोर्टवर बोलते आणि ती कर्नलमध्ये ५.११ पासून आली. तुमची मशीन ६७८९ वरची जुनीच भाषा बोलतात, म्हणून मॉनिटरचे व्ही१ पत्ते काढू नका आणि ते पोर्ट बंद करू नका. दुसरं, क्रशचे ट्यूनेबल (सेटिंग) 'ऑप्टिमल' करण्याआधी किंवा डेटा समान वाटणारा पीजी-अपमॅप बॅलन्सर लावण्याआधी 'सेफ फीचर्स' चालवून कोणते क्लायंट जोडलेले आहेत ते पाहा. मूळ लिनक्समध्ये ज्वेल ट्यूनेबलला ४.५ आणि अपमॅपला ४.१३ कर्नल लागतं. रेड हॅटनं यातलं बरंच आपल्या ३.१० मध्ये मागे आणून बसवलं आहे, त्यामुळे आकडा बघून निर्णय घेऊ नका. शिवाय अपमॅप कळणारा कर्नल क्लायंटसुद्धा या यादीत 'ज्वेल' म्हणून दिसू शकतो. एक मशीन चाचणीला घ्या, त्यावर इमेज मॅप करून लिहून-वाचून पाहा, मगच सगळ्यांसाठी बदल करा.

प्रयोगशाळेतल्या उपकरणांना जोडलेली सेंटओएस ६ किंवा विंडोज ७ ची मशीन थेट सेफला जोडायच्या भानगडीत पडू नका. मध्ये एक नवं गेटवे मशीन ठेवा, त्यावर सेफएफएस माउंट करा आणि पुढे एनएफएस किंवा साम्बानं द्या.

प्रश्न (नांदेड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): आम्ही काही मित्र मिळून स्टोरेज बसवण्याचं छोटं साधन पायथन आणि अ‍ॅन्सिबलमध्ये लिहितो आहोत. जुन्या सिस्टीमनाही आधार द्यायचा आहे. काय जपावं?

उत्तर: सेफ-डिप्लॉयचं काय झालं तिथून शिका. ते सिस्टीम ओळखायला पायथनच्या प्लॅटफॉर्म मॉड्यूलमधलं 'लिनक्स-डिस्ट्रिब्यूशन' वापरायचं. पायथन ३.८ मध्ये ते काढून टाकलं गेलं आणि उबुंटू २०.०४ वर साधन पहिल्याच पावलावर कोसळू लागलं. सिस्टीमची ओळख ओएस-रिलीज फायलीतून घ्या. आयडी न जुळल्यास आयडी-लाइक वाचा. रॉकीच्या फायलीत तिथं 'आरएचईएल सेंटओएस फेडोरा' असं असतं, त्यामुळे उद्या येणारं नवं भावंडही तुमच्या साधनाला ओळखू येईल. सेंटओएस ६ ला ही फाइल नसते, तिथं रेडहॅट-रिलीज बघावी लागते. आमचा सल्ला: सेंटओएस ६ सोडूनच द्या. तिथं सिस्टीमडी नाही, आणि एका सिस्टीमसाठी सेवा सुरू-बंद करण्याचा वेगळा रस्ता आयुष्यभर सांभाळावा लागेल.

जुन्या सिस्टीमवर आदेश तोच असतो पण पर्याय नसतो, आणि साधनं इथंच सर्वात जास्त फसतात. 'एलएसबीएलके'चा जेसॉन पर्याय यूटिल-लिनक्स २.२७ मध्ये आला. सेंटओएस ७ वर २.२३ आहे. तिथं मोठ्या 'पी'चा पर्याय वापरा, नाव आणि किंमत जोडीनं मिळते आणि तीच नव्या सिस्टीमवरही चालते. दोन सिस्टीमसाठी दोन पार्सर लिहू नका, दोन्हीकडे असलेलं जुनं रूप निवडा.

अ‍ॅन्सिबल-कोर २.१६ ही लक्ष्य मशीनवर पायथन २.७ आणि ३.६ चालवून घेणारी शेवटची आवृत्ती, २.१७ ला ३.७ लागतं. यात ईएल ८ सुद्धा सापडतं, कारण तिथलं डीएनएफ सिस्टीमच्या ३.६ शीच बांधलेलं आहे आणि शेजारी ३.९ बसवून सुटका होत नाही. नियंत्रक मशीनवर पायथन ३.१० ते ३.१२ चं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात २.१६ कायम करा.

सगळ्यात महत्त्वाचं: तपासण्या आधी आणि एकाच ठिकाणी, डिस्कला हात नंतर. सिस्टीम, कर्नल, पायथन, कंटेनर इंजिन, घड्याळ, होस्टनेम, मोकळी डिस्क हे सगळं वाचून झाल्यावर काही कमी असेल तर काय हवं आणि काय सापडलं हे दोन्ही छापून थांबा. पाचपैकी तीन सर्व्हरवर डिस्क पुसून झाल्यावर चौथ्यावर 'सिस्टीम चालत नाही' म्हणणारं साधन कुणी दुसऱ्यांदा वापरत नाही. चाचण्या कंटेनरमध्ये घेऊ नका, तिथं कर्नल तुमचंच असतं. केव्हीएमची मशीन घ्या, प्रत्येकीला १० जीबीच्या दोन-तीन कोऱ्या डिस्क द्या. ५ जीबीपेक्षा लहान डिस्क सेफ-व्हॉल्यूम घेतच नाही.

प्रश्न (जालना): ग्लस्टरच्या जुन्या सेंटओएस ७ सर्व्हरची डिस्क नव्या मशीनवर फॉरमॅट करून परत लावली, तर ती माउंट होत नाही.

उत्तर: नवं एमकेएफएस-एक्सएफएस रीफ्लिंक आपोआप चालू ठेवतं आणि ३.१० कर्नलला ते कळत नाही. डीमेसेजमध्ये '०एक्स४' हा अनोळखी फीचर दिसेल. डिस्क जुन्या सर्व्हरवरच फॉरमॅट करा, किंवा नवं मशीन ईएल ८ असेल तर त्यावर करताना मेटाडेटा पर्यायात रीफ्लिंक शून्य द्या. सर्व्हर मिश्र असेपर्यंत क्लस्टरचं ऑप-व्हर्जनही (सगळ्या सर्व्हरनी मिळून वापरायची आवृत्ती) वाढवू नका, नाहीतर जुने सर्व्हर बाहेर पडतील.

प्रश्न (धाराशिव): वीज गेली आणि यूपीएसही संपला की परत आल्यावर 'क्लॉक स्क्यू' (घड्याळांत फरक) येतं, कधी मॉनिटर एकत्रच येत नाहीत. सर्व्हर जुने आहेत आणि त्या वेळी इंटरनेटही नसतं.

उत्तर: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. जुन्या सर्व्हरमध्ये तो मेलेला असतो आणि वीज पूर्ण गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. सेफ मॉनिटरमधला ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही, आणि वर्षांचा फरक असला तर सेफएक्सची (सेफची ओळख पटवण्याची पद्धत) तिकिटंही अमान्य होतात. इंटरनेट नसताना सगळ्यांनी निदान एकमेकांशी जुळावं म्हणून एका मशीनच्या क्रोनीत 'लोकल स्ट्रेटम १०' आणि तुमच्या नेटवर्कसाठी 'अलाऊ' लिहा, बाकी सगळ्यांचा सर्व्हर तेच मशीन ठेवा. 'मेकस्टेप १.० ३' ही ओळ काढू नका. सुरुवातीच्या तीन वाचनांत एक सेकंदाहून मोठा फरक तीच एका झटक्यात दुरुस्त करते. आणि सेफच्या सेवा क्रोनी जुळल्यानंतरच उठाव्यात यासाठी क्रोनीची 'क्रोनी-वेट' ही सेवा चालू करा.